लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबते

सिंगापूरच्या जुन्या सरकारी इमारतींमध्ये लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबत नसे. गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे एचडीबीने, साठ-सत्तरच्या दशकांत बांधलेले ते लांबलचक ब्लॉक. बारा-तेरा मजले, प्रत्येक मजल्यावर घरांच्या दारांपुढून जाणारा सामाईक कॉरिडॉर, आणि लिफ्ट मात्र तीन-चार मजल्यांआड एकदा थांबणारी. त्यात खर्च वाचे. तेव्हा राहायला आलेली जोडपी तरुण होती, एखादा जिना चढणं-उतरणं त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं. तीसेक वर्षांनी तीच माणसं गुडघ्यावर हात ठेवून जिन्यात थांबायला लागली. तिथले सुमारे चार-पंचमांश रहिवासी सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. आपल्या नगरपालिकांच्या राजकारणात पाण्याच्या वेळेला जे स्थान आहे, ते तिथे लिफ्टला होतं.

२००१ मध्ये सरकारने लिफ्ट-सुधारणेची योजना आणली. जुन्या ब्लॉकना नवे शाफ्ट लावायचे आणि लिफ्ट प्रत्येक दारापर्यंत न्यायची. मोठा खर्च सरकारचा, काही भाग इमारतींची देखभाल करणाऱ्या टाउन कौन्सिलचा आणि थोडा घरमालकाचा, जास्तीत जास्त ३,००० डॉलर. काम सुरू होण्याआधी ब्लॉकमध्ये मतदान व्हायचं. सिंगापूरच्या नागरिकांच्या प्रत्येक घराला एक मत, आणि किमान ७५ टक्के घरांनी ‘हो’ म्हटलं तरच काम. तेवढे होकार मिळाले नाहीत तर जिना आहेच.

या मतदानात पक्षाची निशाणी कुठेच नव्हती. सत्ताधारी पीपल्स ॲक्शन पार्टीची, म्हणजे पीएपीची, वीज नाही, वर्कर्स पार्टीचा हातोडा नाही. प्रश्न एकच: लिफ्ट हवी का, आणि तिच्यासाठी इतके पैसे द्याल का? ज्याच्या मजल्यावर लिफ्ट आधीपासून थांबत होती, त्याने वरच्या शेजाऱ्याच्या गुडघ्यांसाठी खिशात हात घालायचा की नाही, हेही त्यातच आलं. मुद्द्यावर मतदान म्हणतात ते हेच. लोकांना ते कुणी शिकवावं लागलं नाही. ‘सामान्य मतदाराला मुद्दे कळत नाहीत, तो चिन्ह बघून मत देतो’ असं म्हणणारे विद्वान जगात सगळीकडे आहेत. त्यांनी एखाद्या ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, तिथले लोक व्हॉइड डेक म्हणतात तिथे, अशा मतदानाच्या वेळी तासभर बसायला हवं होतं.

अडचण दुसरीकडे होती. ब्लॉक हजारो, पैसा आणि कंत्राटदार मोजके. आधी पाळी कुणाची? हा प्रश्न व्हॉइड डेकवर विचारला जात नव्हता.

या रांगेचं राजकारण लिफ्टच्या योजनेपेक्षा जुनं आहे. जानेवारी १९९७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी उघडपणे सांगितलं, की जे विभाग पीएपीला साथ देतील त्यांच्या इमारतींच्या नूतनीकरणाला प्राधान्य मिळेल. पाठिंबा मतदारसंघाच्या आकड्यावरून नव्हे, तर त्यातल्या छोट्या छोट्या वस्त्यांच्या मतमोजणीवरून जोखला जाणार होता. आपल्याकडे बूथनिहाय आकडे घेऊन बसणारे कार्यकर्ते हे वाचून मान डोलावतील. फरक इतकाच, की आपल्याकडे हे कुजबुजत सांगतात; तिथे पंतप्रधानांनी ते धोरण म्हणून मांडलं. त्या निवडणुकीत पक्षाची मतं ६१ टक्क्यांवरून ६५ वर गेली आणि विरोधकांच्या निवडून आलेल्या जागा चारवरून दोनवर आल्या. वाढ केवळ या आमिषामुळे झाली असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण आमिष लहान नव्हतं. एचडीबीचं घर ही तिथल्या बहुतेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी असते, आणि इमारत सुधारली की घराची किंमत वाढते.

उरलेल्या दोन जागा होत्या पोतोंग पासिर आणि हौगांग. या दोन मतदारसंघांची गोष्ट पक्ष, मुद्दा आणि माणूस यांच्या ओढाताणीचा इतका चांगला नमुना आहे, की जरा थांबून सांगायला हवी.

पोतोंग पासिरमधून १९८४ साली चियाम सी टोंग नावाचे वकील निवडून आले आणि २०११ पर्यंत तेच खासदार, म्हणजे तिथल्या भाषेत संसद सदस्य, राहिले. आधी ते सिंगापूर डेमोक्रॅटिक पार्टीचे होते. त्या पक्षात बिनसल्यावर १९९७ ची निवडणूक ते सिंगापूर पीपल्स पार्टीकडून लढले. २००१ आणि २००६ ला सिंगापूर डेमोक्रॅटिक अलायन्स या आघाडीकडून. पाटी दोनदा बदलली, मतदार हलले नाहीत. हौगांगमध्ये १९९१ पासून वर्कर्स पार्टीचे लो थिया खियांग होते. तिथे तिओच्यू बोलणारी वस्ती मोठी, आणि लो यांची तिओच्यूतली भाषणं हा तिथल्या प्रचारसभांचा खास भाग.

२००६ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने या दोन जागा परत मिळवायचं मनावर घेतलं. मोहिमेची धुरा माजी पंतप्रधान गोह यांच्याकडे. पीएपी निवडून आली तर हौगांगसाठी १० कोटी डॉलरची आणि पोतोंग पासिरसाठी ८ कोटी डॉलरची सुधारणा योजना जाहीर झाली, आणि त्यात लिफ्ट होतीच. शेजारच्या मतदारसंघांतल्या इमारती रंगून, सजून, लिफ्ट लावून उभ्या होत्या आणि मधे हे दोन जुनाट तुकडे. निकाल लागला तेव्हा लो यांची मतं सुमारे ५५ टक्क्यांवरून जवळजवळ ६३ वर गेली होती, चियाम यांची ५२ वरून जवळजवळ ५६ वर.

हे मतदान मुद्द्यावर झालं की पक्षावर? सरकारच्या लेखी मुद्दा लिफ्ट हा होता, आणि त्या हिशेबाने या लोकांनी स्वतःच्या हिताविरुद्ध मत दिलं. मला तसं वाटत नाही. लिफ्ट मताच्या बदल्यात मिळणार असेल, तर प्रश्न लिफ्टचा राहतच नाही, त्या अटीचा होतो. लोकांनी त्या अटीवर मत दिलं असं मी मानतो. अर्थात जिना चढणाऱ्याला हे ऐकवणं सोपं आणि मला लिहिणं त्याहून सोपं. पाच वर्षांनी चियाम दुसऱ्या मतदारसंघात लढायला गेले, पोतोंग पासिरमध्ये त्यांच्या पत्नी लिना उभ्या राहिल्या आणि ११४ मतांनी हरल्या. माणूस हलला आणि जागा गेली. म्हणजे इतकी वर्षं तिथे जे टिकून होतं त्यात व्यक्तीचा वाटा किती होता, हेही त्या ११४ मतांनी दाखवलं.

लिफ्ट आणि पक्ष यांची गाठ एवढी घट्ट का? त्याची मुळं दोन कायद्यांत आहेत, दोन्ही १९८८ चे. पहिला टाउन कौन्सिलचा. इमारतींची साफसफाई, दिवे, लिफ्टची देखभाल ही कामं एचडीबीकडून काढून निवडून आलेल्या संसद सदस्यांच्या हाती दिली गेली. मतदाराने आपल्या निवडीची फळं स्वतःच भोगावीत, असा उघड विचार त्यामागे होता. तेव्हापासून तिथला मतदार परराष्ट्र धोरण, पेन्शन आणि कॉरिडॉरचा झाडू या तिन्हींसाठी एकच फुली मारतो. त्यात भर म्हणजे विरोधी मतदारसंघात सरकारी पैशाने चालणाऱ्या स्थानिक संघटनांचा सल्लागार बहुधा पीएपीचा पडलेला उमेदवारच असतो. सुधारणेच्या कामांत शब्द त्याचा चालतो, निवडून आलेल्याचा नाही.

दुसरा कायदा गट-मतदारसंघांचा, म्हणजे जीआरसीचा. तीन ते सहा उमेदवारांचा संघ एकत्र लढतो आणि त्यात किमान एक जण मलय, भारतीय वा इतर अल्पसंख्य समाजाचा असावा लागतो. अल्पसंख्याकांना संसदेत हमखास जागा मिळावी हा हेतू सांगितला गेला, आणि तो साधलाही. पण मुंबई सोडून आपल्या महापालिकांत जी प्रभाग पद्धत आहे, तिच्यात आणि याच्यात मोठा फरक आहे. पुण्याचा मतदार ‘अ’ जागेला एका पक्षाचा आणि ‘ब’ जागेला दुसऱ्याचा माणूस निवडू शकतो. सिंगापूरच्या मतदाराला अख्खा संघ घ्यावा किंवा अख्खा सोडावा लागतो. २०११ मध्ये अल्जुनीडमध्ये हे दिसलं. परराष्ट्रमंत्री जॉर्ज यो यांच्याबद्दल विरोधकांच्या मतदारांनाही फारसा राग नव्हता. पण मुद्दा होता संसदेत विरोधी आवाज हवा की नको, आणि पाच जणांच्या यादीतून एकाला वाचवण्याची सोय मतपत्रिकेवर नव्हती. वर्कर्स पार्टीला जवळजवळ ५५ टक्के मतं मिळाली आणि यो घरी गेले. चुकाल तर पश्चात्ताप करायला पाच वर्षं आहेत, असं देशाचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी मतदानाआधी अल्जुनीडकरांना बजावलं होतं.

पक्ष आणि मुद्दा वेगळे करण्याची एक नामी युक्तीही याच देशात निघाली, आणि ती चियाम यांचीच. विरोधी मत द्यायला लोक का कचरतात? चुकून सरकारच पडलं तर काय, ही भीती. मग ती भीतीच काढून टाकायची. १९९१ च्या निवडणुकीत विरोधकांनी ८१ पैकी फक्त ४० जागांवर अर्ज भरले. ४१ जागा बिनविरोध, म्हणजे अर्ज भरण्याच्या दिवशीच पीएपीचं सरकार पक्कं झालं. आता सरकार कुणाचं हा प्रश्न संपला. उरलेल्या जागांवर निर्धास्तपणे आपल्या वॉर्डाचा, महागाईचा, मनातल्या रागाचा विचार करा. सार्वत्रिक निवडणुकीला पोटनिवडणुकीचं रूप द्यायचा हा डाव होता. विरोधकांनी चार जागा जिंकल्या. १९६५ नंतर तोवरचं त्यांचं ते सर्वांत मोठं यश. हार मानूनच सुरुवात करायची आणि त्यातून मतदाराला मोकळं करायचं, हे डोकं मला थोर वाटतं. अर्थात अर्ध्या देशाला मतदानच करता आलं नाही, ही त्याची किंमत.

मुद्दा थेट मतपेटीत टाकण्याचा प्रयोग सिंगापूरने देशपातळीवर एकदाच केला: १ सप्टेंबर १९६२ चं सार्वमत. विषय मलेशियात विलीन होण्याचा. मतपत्रिकेवर तीन पर्याय होते आणि तिन्ही विलीनीकरणाचेच, फक्त अटी वेगळ्या. ‘नको’ म्हणायला जागाच नव्हती. विरोधी बारिसान सोशालिसने लोकांना कोरी मतपत्रिका टाकायला सांगितलं. सरकारच्या ‘अ’ पर्यायाला सुमारे ७१ टक्के मतं पडली आणि चौथ्या हिश्श्याच्या आसपास मतपत्रिका कोऱ्या निघाल्या. सप्टेंबर १९६३ मध्ये विलीनीकरण झालं. ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर मलेशियातून बाहेर पडलं, तेव्हा मात्र कुणालाच काही विचारलं नाही.

मराठी वाचकाला इथे गोवा आठवल्याशिवाय राहणार नाही. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. विषय तोच, विलीनीकरण. पण मतपत्रिका सरळ होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात जायचं, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहायचं. विलीनीकरण हाच ज्या पक्षाचा प्राण, त्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं सरकार होतं. कौल निःपक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. लगेच मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, आणि त्याच गोवेकरांनी मगोपला ३० पैकी १६ जागा देऊन बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. पक्षाचा सर्वांत मोठा मुद्दा धुडकावला, पक्ष मात्र ठेवला. कूळकायदा, गावोगावच्या मराठी शाळा, बहुजन समाजाला मिळालेला मान हे सगळं त्या दुसऱ्या मतात होतं. मतदार पक्ष आणि मुद्दा वेगळे ठेवू शकतो का, या प्रश्नाला इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही. दोन मतपेट्या मिळाल्या, त्याने दोन वेगळी उत्तरं दिली.

आणि महाराष्ट्रात असं मुद्द्यावरचं मतदान अजून चालू आहे. दारूचं दुकान बंद करायचं तर गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, मग मतदान होतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बाटली आडवी केली तर दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. त्यामुळे माहेरी गेलेली, मजुरीला गेलेली बाई आपोआप उभ्या बाटलीकडे मोजली जाते. एचडीबीच्या ७५ टक्क्यांचंही असंच: दार न उघडणारं घर ‘नाही’ म्हटल्यासारखंच. मुद्द्यावरच्या मतदानात उंबरठा कुठे ठेवला, यावर अर्धा निकाल ठरतो, आणि तो उंबरठा ठेवताना मतदान घेत नाहीत.

निवडून गेलेल्यांचं काय? संसदेत पक्षादेश असतो, सिंगापुरात तर कडक असतो. तो सैल झाल्याची जुनी घटना १९६९ ची. गर्भपात कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर सदस्यांना आपापल्या विवेकाने मत द्यायची मोकळीक मिळाली आणि ३२ विरुद्ध १० असं मतदान झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७-अ हे कलम रद्द झालं, तेव्हा पीएपीने पक्षादेश उठवला नाही. हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे, असं त्यांचं म्हणणं. उलट वर्कर्स पार्टीने आपल्या सदस्यांना मोकळं सोडलं. कलम रद्द करण्याच्या बाजूने ९३ आणि विरुद्ध ३ मतं पडली, त्या तिघांतले दोघे वर्कर्स पार्टीचे. त्यांच्याशी मी सहमत नाही, पण आपल्या पक्षनेत्याच्या डोळ्यांदेखत वेगळा हात वर करता येणं ही मोकळीक मोलाची आहे. आपल्याकडे पक्षांतरबंदी कायद्याने, पक्षादेश मोडणाऱ्याची जागाच जाऊ शकते.

पक्षाची पाटीच नसलेले सदस्यही सिंगापूरच्या संसदेत आहेत. १९९० पासून राष्ट्रपती त्यांची नेमणूक करतात. त्यांतले कायद्याचे प्राध्यापक वॉल्टर वून यांनी आईवडिलांच्या पोटगीचं खासगी विधेयक आणलं, आणि १९९५ मध्ये ते मंजूरही झालं. वृद्ध आईबापांना सांभाळण्याची जबाबदारी मुलांवर कायद्याने टाकणारा आपला केंद्रीय कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, २००७ मध्ये आला. कुठल्याही पक्षाचा नसलेला माणूस इतकं करू शकतो. मात्र त्याला कुणी मत दिलेलं नसतं.

मग पाच वर्षांतून एकदा संघावर फुली मारणारा सिंगापूरकर आपला मुद्दा पोचवतो कसा? माझ्या मते टक्केवारीतून. १९५९ पासून सत्ता एकाच पक्षाकडे आहे. सरकार बदलेल अशी धास्ती फार थोड्यांना असते. त्यामुळे मतांचा आकडाच निरोप बनतो. २०११ मध्ये घरांच्या किमती, परदेशी मनुष्यबळाचा लोंढा, खचाखच मेट्रो यांवरून लोक चिडले होते. पीएपीला ८७ पैकी ८१ जागा मिळाल्या, आपल्याकडे त्याला लाट म्हटलं असतं. पण मतं ६०.१४ टक्क्यांवर घसरली, आणि सरकारने ते पराभवासारखं घेतलं. गृहनिर्माण सांभाळणारे मंत्री बदलले, नव्या घरांची बांधणी वाढली, मंत्र्यांच्या पगारांचा फेरविचार होऊन पंतप्रधानांचा पगार ३६ टक्क्यांनी कापला गेला. २०१५ मध्ये मतं ६९.८६ टक्क्यांवर गेली. त्यात स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचा आणि ली क्वान यू यांच्या निधनाचा भावनिक भागही होता. २०२० ला पुन्हा ६१.२४, मे २०२५ ला ६५.५७. हा आकडा वरखाली करत लोक सरकारशी बोलत आले आहेत. त्यातली उणीव अशी, की आकड्याला तोंड नसतं. घसरण घरांमुळे झाली की मेट्रोमुळे, हे शेवटी सरकारच ठरवतं.

सिंगापुरातल्या मराठी कुटुंबांपैकी अनेक जण या सगळ्याच्या कडेला आहेत. नोकरीच्या पासवर किंवा कायम वास्तव्याच्या परवान्यावर राहणाऱ्याला संसदेचं मत नाही, ब्लॉकच्या सुधारणेचंही नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर मायदेशातलं मत शाबूत आहे, पण ते द्यायला विमानाने आपल्या मतदान केंद्रावर यावं लागतं. तरीही खासगी कॉन्डोमिनियममध्ये फ्लॅट घेतला असेल तर एका मोठ्या मुद्द्यावर त्यांना पूर्ण हक्क आहे: सगळी इमारतच विकून टाकायची का? १९९९ पासूनच्या कायद्याने दहा वर्षांहून जुन्या इमारतीत ८० टक्के हिश्श्याची संमती मिळाली की उरलेल्यांनाही विकावं लागतं. तिथे नागरिकत्व मोजत नाहीत, मालकीचा हिस्सा मोजतात.

सरकारी घरांच्या वाट्यालाही असं मतदान येणार आहे. एचडीबीचं घर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतं. २०१८ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी जाहीर केलं, की पट्ट्याची सुमारे ७० वर्षं झालेल्या काही वस्त्यांतल्या लोकांना विचारलं जाईल: सरकारने आताच घर परत घेऊन मोबदला द्यावा, की उरलेली वर्षं तुम्ही इथेच राहणार? निर्णय रहिवाशांच्या मतदानाने; ‘नाही’ ठरलं तर पट्टा संपेपर्यंत राहता येईल. मोबदला मात्र आजवरच्या सक्तीच्या पुनर्विकास योजनेइतका घसघशीत नसेल, हेही त्याच भाषणात सांगून टाकलं. पट्ट्याला सत्तर वर्षं झालेल्या सगळ्या वस्त्यांना एकदम विचारणं शक्य नाही, काम टप्प्याटप्प्याने वीस-तीस वर्षं चालेल. म्हणजे इथेही रांग आलीच, आणि कुठल्या वस्तीला आधी विचारायचं हे ठरवणारं मंत्रालय सार्वत्रिक निवडणुकीतल्या त्याच एका फुलीतून आलेलं असेल.